पदकाची जागा

धोंडूबाईच्या हातात सोनं रोज यायचं आणि रोज जायचं. रत्नागिरीच्या बाजारात एका सराफाच्या दुकानाला लागून जी पायरी आहे, ती तिची. पुढ्यात पत्र्याचा डबा, डब्यात रेशमाच्या लडी, मेणाचा खडा, केसासारख्या सुया. बायका मंगळसूत्रं, पोती, बोरमाळा गाठवायला आणत. "तुटलं" असा शब्द त्या पायरीवर कुणी काढत नसे. "वाढवलंय गो धोंडूबाय, वायच गाठवून दे," असं म्हणत. मग ती आधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेलं हळकुंड बांधायची, घटकाभरसुद्धा गळा रिकामा राहू नये म्हणून. आणि मग तिच्या डोळ्यांदेखत तळहातावर मणी मोजायची. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं दातांत, आणि बोटं चालायला लागली की बघणारीला वाटावं, मणी आपल्या पायांनी चालत जागेवर येतायत.

चाळीस वर्षांत एक मणी इकडचा तिकडे झाला नव्हता. एवढं सोनं हाताखालून गेलं, पण तिच्या स्वतःच्या गळ्यात एक ग्रॅमवालं, वरून नुसतं सोन्याचं पाणी दिलेलं. नवरा महिपत मुंबईत एका सोसायटीच्या गेटवर रखवालीला. गणपतीला आणि शिमग्याला यायचा, दर खेपेला म्हणायचा, "पुढल्या वर्षी खरं करू." तीही दर खेपेला "करू की" म्हणायची. त्यात राग नव्हता. पावसाला "ये" म्हणावं, तसं ते म्हणणं होतं.

कार्तिकातल्या एका सकाळी पायरीसमोर एक तरुण बाई येऊन उभी राहिली. पाठीला पिशवी, गळ्यात ओळखपत्र.

"धोंडूबाई तुम्हीच?"

"लोक तसंच सांगतायत. काय वाढवलंत?"

ती हसली. "माझं नाही हो मावशी. जिचं आहे, ती जाऊन हजारेक वर्षं झाली असतील. नक्की आम्हालाही सांगता येत नाही."

ती सरकारी संग्रहालयाची मृणाली. हातखंब्याच्या वरच्या अंगाला, कातळाच्या सड्यावरच्या चिरेखाणीत सापडलेले दागिने तिच्या ताब्यात होते.

त्या खाणीबद्दल धोंडूबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचा मुलगा दीपेश तिथेच मशीनवर होता. जांभ्याचे चौकोनी चिरे कापायचं ते मशीन. वीस दिवसांपूर्वी त्याच्या पात्याखाली मातीचा एक कप्पा लागला आणि कप्प्यात एक गाडगं. गाडगं उचलताना फुटलं, आतून ओंजळभर मणी सांडले. दीपेशने ते टॉवेलात गोळा केले, मुकादमाला दिले, मुकादमाने तलाठ्याला. पंचनामा झाला, लाखेची मोहोर लागली, खाण बंद झाली. आणि सड्याला जत्रा लागली. कुणी म्हणे राजाचा खजिना, कुणी म्हणे आत सात रांजण आहेत आणि वर नाग बसलाय. घाटावरून दोघे जण जमिनीवर फिरवायचं यंत्र घेऊन आले. रातोरात कातळावरच्या मातीत खड्डे पडायला लागले. ज्या माणसांनी जन्मात सड्यावर पाय ठेवला नव्हता, ती माणसं खाली मान घालून, हरवलेलं पोर शोधावं तशी तिथे फिरत होती.

"माझ्या दीपेशनेच काढलान तो गाडगा," धोंडूबाई म्हणाली. आवाजात जरा ताठा आला, तो तिलाही कळला. "जसाच्या तसा दिलान."

"हो, पंचनाम्यात नाव आहे त्यांचं. फार मोठं काम केलं त्यांनी," मृणाली म्हणाली. "पण मणी सगळे सुटे झाले. ओवणी कशी होती, कळत नाही. सराफ म्हणाले, जिल्ह्यात हे कुणाला कळलं तर तुम्हालाच कळेल."

*

संग्रहालयातल्या त्या खोलीत पांढऱ्या कापडावर मणी मांडलेले होते. त्रेसष्ट. बरेचसे अकीकाचे, बोटाच्या पेराएवढे लांबट, पाण्यात भिजवलेल्या विटेसारखे लाल. बाकीचे सोन्याचे, जोंधळ्याच्या दाण्याएवढे. आणि दोन मोठे, बोराएवढे. मृणालीने तिला रबरी हातमोजे दिले. धोंडूबाईने ते घातले, एक मणी उचलला आणि परत ठेवला.

"यात माझी बोटं आंधळी होतात हो बाय."

मृणालीने जरा विचार केला. "बरं. हात धुऊन, पुसून घ्या."

मग धोंडूबाई खाली सतरंजीवर बसली. एकेक मणी उचलून तिने त्याच्या भोकाच्या कडेवरून बोटाचं पेर फिरवलं. शेजारी शेजारी बसलेले मणी एकमेकांना घासतात; पाच-दहा वर्षांत नाही, पण उभा जन्म अंगावर वागवले की घासतात. गोल मण्याशेजारी बसलेल्याला वाटीसारखी खोलगट झीज येते, लांबट मण्याशेजारी बसलेल्याला कंगोरा येतो. एका घरात म्हातारे झालेले नवराबायको जसे एकमेकांच्या सवयींनी झिजतात, तशी ही झीज. याची जोडी त्याला लागते, त्याची तिसऱ्याला लागत नाही.

"हा याच्याशेजारचा," ती म्हणाली. "आणि हा त्याच्या पल्याडचा. बघा, कसा बसतो."

मृणालीने भिंगातून पाहिलं आणि पाहतच राहिली. "मावशी, हे आम्ही मशीनखाली बघतो. तुम्हाला नुसत्या हाताला कळतं?"

"मशीन चाळीस वर्षं पायरीवर बसलंय काय?"

दोघी हसल्या. काम रंगलं. धोंडूबाईच्या आईची जात्यावरची एक ओवी होती, ती कधी नाही ती तिच्या ओठांवर आली. मृणालीसाठी नव्हे, हातांना ताल हवा म्हणून.

*वाढली गं माझी पोत, मणी पांगले अंगणी,*
*शेजी वेचू लागे मला, एक उणा गं त्यातुनी.*

दुपार कलायच्या सुमाराला दोन्ही बाजू मांडून झाल्या. डावी बाजू एका मोठ्या सोन्याच्या मण्याशी येऊन थांबली, उजवी दुसऱ्या मोठ्या मण्याशी. आता हे दोन एकमेकांना भिडवले की पोत पुरी. धोंडूबाईने ते भिडवले.

ते भिडेनात.

दोघांच्या आतल्या अंगाला झीज होती, पण ती गोल मण्याची नव्हती. तिरपी होती, उतरती. डाव्याची उजवीकडे, उजव्याची डावीकडे, एखाद्या रुंद खांद्यांच्या वस्तूवर दोघे जण दोन बाजूंनी टेकून बसलेले असावेत तशी. मध्ये काहीतरी होतं. जड होतं. वर्षानुवर्षं छातीवर हललेलं होतं.

'हितं पदक होतं.' शब्द गळ्यापर्यंत आले. आणि त्याच क्षणी तिला तो टॉवेल आठवला. दीपेशचा. गाडगं फुटलं तेव्हा मणी गोळा करणारे हात दोनच होते.

"काय झालं मावशी?"

"डोळ्यांवर येतंय हो. उद्या पुरी करते."

अर्धी ओवणी टाकून ती उठली, तेव्हा तिची तिलाच लाज वाटली. आजवर असं कधी केलं नव्हतं.

*

हातखंब्याला एसटीतून उतरून घरी पोहोचली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. दीपेश भात झोडत होता. पेंढी उचलून फळीवर आपटायचा, दाणे उडायचे, पेंढा बाजूला. खाण बंद पडल्यापासून हेच. दर्शना, त्याची बायको, पहिल्या बाळंतपणाला पूर्णगडला माहेरी गेलेली. त्यामुळे घरात बोलायला कुणी नव्हतं आणि लपवायलाही कुणी नव्हतं.

धोंडूबाई पायरीवर टेकली. पाणीसुद्धा प्याली नाही.

"दीप्या, त्या गाडग्यात पदक होतं."

पेंढी हवेत होती ती फळीवर आली, पण आवाज हलका आला.

"कोणी सांगितलान?"

"मण्यांनी."

"काय पण बोलतेस आये. मणी बोलतात काय?"

"माझ्याशी बोलतात. तू बोल."

त्याने दोन पेंढ्या आणखी झोडल्या. मग फळीला हात टेकून उभा राहिला. घामाने अंगाला भाताचं कुसळ चिकटलं होतं. "सगळं दिलं ना मी? त्रेसष्ट दिलं. एक राहिलं तर कोणाचं काय गेलं? आणि देऊन काय झालं ते बघतेस ना? खाण बंद. पोरं मला तोंडावर शिव्या घालतायत, म्हणतायत दीपेशने शहाणपणा केलान नसता तर आज कामावर असतो."

"कुठं ठेवलास?"

तो आत गेला. पडवीत बियाण्याची मुडी टांगलेली होती, पेंढ्यात घट्ट वळून बांधलेलं पुढल्या सालचं भात. मुडीच्या बांधाआड बोटं घालून त्याने कापसात गुंडाळलेली वस्तू काढली आणि आईच्या हातावर ठेवली.

पिंपळाच्या पानाच्या घाटाचं सोनं, वर खांदे रुंद, आणि मधोमध एक तामडा खडा, अंगठ्याच्या नखाएवढा. बसल्याजागी तो काळपट दिसत होता. धोंडूबाईने तो मावळतीच्या उन्हात धरला.

पिकला रातांबा फोडून उन्हात धरावा, तसा तो आतून पेटला. तिच्या तळहाताच्या रेषांवर लाल उजेड सांडला. ती हात हलवी तसा उजेड हले. ती बघत बसली. हाताखालून गेलेलं सगळं सोनं तिने मोजलं होतं, ओवलं होतं, परत दिलं होतं; असं बघत कधी बसली नव्हती. आता तिला कळलं की सड्यावर माणसं खाली मान घालून का फिरतायत. तिला हेही कळलं की आपला मुलगा रोज सकाळी लवकर उठून पडवीत का जात होता.

"विकायचं नव्हतं, आये," दीपेश हळूच म्हणाला. "शपथेवर सांगतो. दर्शना बाळाला घेऊन येईल ना, तेव्हा तिच्या गळ्यात... तिच्या गळ्यातपण एक ग्रॅमचंच आहे. तूच गाठवलंस."

धोंडूबाईने खाली पाहिलं. ते खरं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनेच ते गाठवलं होतं, खऱ्याला लावते तेच रेशीम लावून.

"चार बायका बघतील त्याचं काय?"

"घरात घालील. दार लावून."

"दार लावून घालायचा दागिना, तो कसला रे दागिना?"

"मग ते काय करणार त्याचं? काचेत ठेवणार. काचेला गळा असतो काय?" तो तिच्या पायाशी खालीच बसला. "आणि खाण उघडताना जागेच्या राखणदाराला नारळ कोणी फोडलान? मी फोडला. फोडणाऱ्याचं एक भकल असतं ना? तसं समजलो मी. चोरी नाय समजलो."

हे मात्र तो मनापासून बोलत होता. गावात नारळ फोडणाऱ्याला अर्धं खोबरं मिळतं, तो मान असतो. जमिनीने दिलं आणि पहिला हात आपला लागला, तर त्यातलं एक भकल आपलं. त्याच्या मनात हिशेब इतका सरळ होता.

"भकल घेतात ते चारचौघांत घेतात," धोंडूबाई म्हणाली, "राखणदाराच्या समोर. मुडीत घालून नाय ठेवत."

त्याने मान खाली घातली.

तिने पदक उलटं केलं. मागची बाजू आरशासारखी गुळगुळीत, अंगाच्या उबेने आणि घामाने घासलेली. वरची कडी झिजून दोऱ्याएवढी झालेली, आणि कधीतरी कुणी सोनाराने ती डाग देऊन सांधलेली. डाव्या कडेला एक बारीक खळगा. धोंडूबाईने नकळत तिथे आपला अंगठा ठेवला. अंगठा तिथे बरोबर बसला. विचार करताना, वाट बघताना, कुणाचं बोलणं मुकाट ऐकताना त्या बाईला पदक असं अंगठ्याने चोळायची सवय असणार. आजारी पोराजवळ बसून चोळलं असेल. खाडीकडे डोळे लावून चोळलं असेल.

राजाचा खजिना नव्हता हा. एका बाईची रोजची पोत होती. ती तिने कशाला मातीत ठेवली, कुणी ठेवली, परत न्यायला कोण येणार होतं आणि का नाही आलं, हे कुठला मणी सांगत नव्हता. ओवीचे पुढचे दोन चरण आईने कधी म्हटले नव्हते. ते आता धोंडूबाईच्या मनात आपोआप जुळून आले.

*उणा मणी गं कुणाचा, गेला मातीच्या पोटात,*
*माती म्हणे माझी लेक, तिच्या घालते गळ्यात.*

गप्प राहावं. हा विचार तिला आला आणि तो बराच वेळ तिच्याजवळ बसला. दोन मोठे मणी एकमेकांना भिडवून गाठ मारली की झालं. ती तिरपी झीज कुणाला कळणार आहे? मृणालीला विचारायला ही धोंडूबाईच आहे. दर्शनाचा सावळा गळा तिच्या डोळ्यांसमोर आला, त्यावर हा लाल थेंब आला.

पण मग मृणालीचं वहीत खाली वाकलेलं डोकं आठवलं. आपण 'हा याच्याशेजारचा' म्हणालो की ती लिहीत होती. आपण उद्या 'ही पोत पुरी' म्हणालो की तेही लिहील. मग ते तसंच राहील. आपण गेल्यावर, ही बाय गेल्यावरसुद्धा. ज्या बाईचा अंगठा तिथे बसत होता, ती पदक नसलेली म्हणून उभी राहील. आणि तसं करणारी गाठवणारीच असेल.

"मी हे उद्या घेऊन जाते," ती म्हणाली.

दीपेशचा चेहरा उतरला. "पोलीस येतील."

"तुझं नाव नाय घेणार. खाणीवर मातीच्या ढिगात मला मिळालं म्हणून सांगीन."

त्याने चमकून वर पाहिलं. "तू खोटं बोलशील?"

"एकदा."

तो उठला, राहिलेल्या पेंढ्या झोडून काढल्या, अंधार पडेपर्यंत.

*

सकाळी पहिल्या एसटीला ती चढली, तर मागच्या दाराने दीपेश चढला. दाढी केलेली, लग्नातला शर्ट. दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसले. ब्लाउजच्या आत, कापसाच्या पुडीतलं पदक तिला सगळा रस्ता टोचत होतं.

संग्रहालयाच्या खोलीत पांढरं कापड कालच्यासारखंच होतं. दीपेश दाराबाहेर उभा राहिला. धोंडूबाईने पुडी उघडून कापडावर ठेवली.

मृणाली बसल्याजागची उठली. खडा खिडकीच्या उजेडात हळूहळू लाल होत गेला. तिने हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

"मावशी... हे कुठे मिळालं?"

एसटीत बसून धोंडूबाईने वाक्य दहा वेळा घोकलं होतं. खाणीवर गेले होते. मातीच्या ढिगात काहीतरी चमकलं. तेवढंच म्हणायचं होतं.

"काल... खाणीवर..." ती म्हणाली. पुढचं येईना. चाळीस वर्षांत पायरीवर बायकांनी तिला काय काय विचारलं होतं, आणि तिने प्रत्येकीला मण्याएवढंच, मण्यासारखंच उत्तर दिलं होतं. "मातीच्या ढिगात..."

"ढिगात नव्हतं."

दीपेश दारातून आत आला होता.

"माझ्याकडं होतं, मॅडम. गाडगं फुटलं त्याच दिवशी काढलं मी. वीस दिवस घरात ठेवलं. आयेला कालपर्यंत म्हायत नव्हतं. तिला मण्यांवरून कळलं."

मृणालीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा धोंडूबाईकडे. आता ती मावशी म्हणणारी मुलगी राहिली नव्हती.

"हे मला लिहावं लागेल," ती म्हणाली. "वर कळवावं लागेल. तुम्ही स्वतः आणून दिलंत, तेही लिहीन. पण पुढे काय होईल, ते माझ्या हातात नाही."

"लिवा."

तिने लिहिलं. वाचून दाखवलं. दीपेशने एक जागा दाखवून म्हटलं, "इथं 'काही दिवस' असं आलंय. वीस लिवा." तिने खोडून वीस लिहिलं. त्याने सही केली.

धोंडूबाईला किती सांगावंसं वाटलं. खाण बंद आहे, बायको बाळंत व्हायची आहे, मनाने वाईट नाही हो. पण त्याने जे उचललं होतं ते त्याला उचलू द्यायला हवं होतं.

"मावशी," मृणाली कागद बाजूला ठेवत म्हणाली. आवाज अजून सरकारीच होता, पण त्यात ओलावा आला होता. "ओवता का आता?"

ती सतरंजीवर बसली. दोरा अंगठ्याला अडकवला. डावी बाजू चढवली, मोठा मणी चढवला, मग ती झिजलेली कडी, मग दुसरा मोठा मणी, मग उजवी बाजू. दोरा ताणला. दोन्ही मोठे मणी सरकत आले आणि पदकाच्या खांद्यांवर दोन बाजूंनी टेकले. मध्ये केसाएवढीसुद्धा फट राहिली नाही. तिने गाठ मारली आणि पोत दोन्ही हातांत उचलून धरली.

दीपेश बघत होता. वीस दिवस त्याने त्यातला एक तुकडाच पाहिला होता, उन्हात धरून, एकट्याने. पोत त्याने पाहिली नव्हती.

"एवढी लांब होती होय," तो म्हणाला. मग नजर थोडी वर नेली, जिथे गळा असता तिथे, आणि मग चेहरा असता तिथे. "उंच असणार बाई."

"हो," मृणाली म्हणाली. "उंच असणार."

तिने वहीत ते लिहून घेतलं नाही. फोन उचलला, वरच्या साहेबांचा नंबर लावला आणि खिडकीकडे पाठ करून हळू आवाजात बोलू लागली. दीपेश भिंतीला लागून सरळ उभा राहिला, हात पुढे बांधून. कोपऱ्यात खुर्ची रिकामी होती. साहेब यायला तासभर लागला. तेवढा वेळ तो तसाच उभा राहिला, आणि धोंडूबाईने त्याला बस म्हटलं नाही.